पार्किंगचा कागद

आमच्या बिल्डिंगला लागून रेतीचा एक मोकळा प्लॉट होता. तो आमचा नव्हता. कुणा स्थानिक मालकाचा होता. त्याला आम्ही कधी पाहिलं नव्हतं आणि त्यानेही आम्हाला पाहिलं नसावं. पण दुबईच्या अल बर्शात राहणाऱ्या माणसाला मोकळी रेती दिसली की तिच्यावर गाडी लावावीशी वाटते. आम्ही दहा-बारा वर्षं तिथे फुकट गाड्या लावल्या. फुकटची वस्तू इतकी वर्षं वापरली की ती वडिलोपार्जित वाटायला लागते.

एक दिवस प्लॉटच्या कोपऱ्यांवर खुंट्या ठोकल्या गेल्या आणि रस्त्याच्या बाजूला बोर्ड लागला. बोर्डावर एवढंच कळत होतं की सहा मजली इमारत होणार आहे. बाकीची बातमी नातूरने आणली. नातूर म्हणजे बिल्डिंगचा राखणदार. कुठल्याही देशाचा असला तरी इथे सगळे त्याला याच नावाने हाक मारतात, आणि बिल्डिंगमधलं सगळं आधी त्यालाच कळतं. मालक म्हणे कमी भाड्याची लहान घरं बांधणार होता. ज्यांचा पगार बेताचा आहे, पण ज्यांना बायकोमुलांना इथे आणायचं आहे, अशा लोकांसाठी. ड्रायव्हर, मेकॅनिक, दवाखान्यातल्या मदतनीस बायका, दुकानांतले सेल्समन. फक्त कुटुंबांना घरं मिळणार होती, एकट्या पुरुषांना नाही.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. तोपर्यंत आमच्या बिल्डिंगची सगळी भांडणं एकट्या पुरुषांशी होती. मागच्या गल्लीतल्या एका व्हिलात बॅचलर राहतात अशी शंका आली, किंवा लिफ्टमध्ये कुणी चप्पल घातलेला अनोळखी माणूस दिसला, की ग्रुपवर ताबडतोब मेसेज पडायचा, 'हा फॅमिली एरिया आहे.' आम्हाला शेजारी कुटुंबंच हवी होती. आता कुटुंबंच येणार म्हटल्यावर आमच्या लक्षात आलं की आम्हाला ही कुटुंबं अभिप्रेत नव्हती.

त्या घरांविरुद्ध जे पत्र गेलं ते मी लिहिलं. बिल्डिंगमध्ये हे सगळ्यांना माहीत आहे आणि काही जणांना त्याचं अजून कौतुक आहे. ज्याला माहीत असायला हवं होतं त्या माणसाला मात्र मी ते आठ वर्षं सांगितलं नाही.

तो आमचा एसी मिस्त्री. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या एका गावातला मुसलमान, तेव्हा चाळिशी ओलांडलेला. आमच्या बिल्डिंगची कामं ज्या मेंटेनन्स कंपनीकडे होती तिचा तो जुना माणूस. राहायचा कंपनीच्या कँपमध्ये, एका खोलीत आठ जण. बिल्डिंगमध्ये मराठी बोलणारी पाच-सहा घरं, त्यातला दिवसभर घरी असणारा मी एकटाच. त्यामुळे काम असो-नसो, तो आमच्याकडे चहाला टेकायचा. त्याची बायको आणि मुलगी गावी होत्या. मुलगी पाचवीत होती. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि बायकोबरोबर राहिल्याचे सगळे दिवस मिळून जेमतेम दीड वर्ष भरत होतं. हा हिशोब त्यानेच मला हसत सांगितला होता.

त्या वर्षी त्याला बढती मिळाली आणि पगार एकदाचा कुटुंबाचा व्हिसा मिळण्याइतका झाला. आता अडत होतं ते फक्त घर. स्वतःच्या नावावर भाड्याचा करार असल्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही, आणि या शहरात त्याला परवडेल असा करार करणारा मालक त्याला भेटला नव्हता. शेजारच्या प्लॉटची बातमी ऐकल्यावर तो दुसऱ्याच दिवशी फॉर्म घेऊन आला.

"साहेब, इंग्लिश तुमची. सही माझी," तो म्हणाला.

आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून फॉर्म भरला. एका रकान्यात 'हे घर का हवे आहे' असं विचारलं होतं.

"लिवा, बायकोच्या हातचं जेवायचंय."

"असं लिहीत नाहीत."

"मग तुमच्या पद्धतीने लिवा."

मी चार ओळी लिहिल्या. त्याने विचारलं, "काय लिवलंत?"

"तुम्ही म्हणालात तेच. जरा कपडे घालून."

तो खूश झाला. मुलीला फोन लावून त्याने तिथल्या तिथे सांगितलं की दुबईतल्या मोठ्या साहेबांनी फॉर्म भरलाय, आता तुझा दाखला काढायची तयारी ठेव. मी मोठा साहेब नव्हतो. कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीतून निवृत्त झालेला, मुलाच्या व्हिसावर राहणारा आणि नातवाला बसस्टॉपवर सोडणारा माणूस होतो. पण त्याचं वाक्य मी दुरुस्त केलं नाही.

त्याच आठवड्यात, त्याच टेबलाभोवती, बिल्डिंगची बैठक झाली. आमचा हॉल मोठा म्हणून आमच्याकडे. सूनबाईंनी साबुदाण्याचे वडे केले होते.

चौथ्या मजल्यावरचे बँकवाले आमचे पुढारी. त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं, "हे बघा, आपला प्रोजेक्टला विरोध नाहीये. स्वस्त घरं व्हायलाच पाहिजेत. फक्त लोकेशन चुकलंय."

सगळ्यांनी माना हलवल्या. सातव्या मजल्यावर एक मॅडम राहायच्या. इथल्या एका शाळेत शिकवायच्या आणि मनाने खरंच चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला तर त्यांचीच काळजी वाटते. इथे कोथिंबिरीची जुडीसुद्धा महाग. त्यांच्या मुलांना आपल्या मुलांचे वाढदिवस बघून किती वाईट वाटेल. हा त्यांच्यावरच अन्याय आहे."

"बरोबर. आणि पार्किंगचं काय?" बँकवाले मुद्द्यावर आले. "रेती गेली की पेड पार्किंग. महिन्याला तीनशे दिरहॅम. म्हणजे साडेपाच हजार रुपये, नुसती गाडी झोपवायला."

रुपयांत सांगितल्यावर सगळे गंभीर झाले.

प्रश्न होता करायचं काय. भारतात असतो तर फलक घेऊन गेटवर उभे राहिलो असतो. इथे आमच्यापैकी प्रत्येकाचा व्हिसा कुणाच्या ना कुणाच्या हातात होता.

"विरोध हा शब्दच नको," कुणीतरी म्हणालं.

"निवेदन?"

"निवेदनही जरा जास्त होतं. सजेशन म्हणू या."

"फीडबॅक," मॅडम म्हणाल्या आणि ते ठरलं. नगरपालिकेला लिहायचं नाही, कारण ती सरकारी. फक्त मालकाच्या कंपनीला लिहायचं. मग सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी तीस वर्षं कॉन्ट्रॅक्ट्स डिपार्टमेंटमध्ये पत्रं लिहिली होती. काम उशिरा झालं तर ते आमच्यामुळे झालं नाही, हे कुणाचं नाव न घेता सांगणारी पत्रं. निवृत्त होऊन मला आठ महिने झाले होते आणि त्या आठ महिन्यांत मी वाणसामानाच्या याद्या आणि एका फॉर्मातल्या चार ओळी यांपलीकडे काही लिहिलं नव्हतं. बँकवाले म्हणाले, "काका, तुमच्यासारखं ड्राफ्टिंग कुणाला जमणार?" मी 'बघतो' म्हणालो. मिस्त्रीचा फॉर्म त्या क्षणी मला आठवला नाही असं लिहिलं तर बरं दिसेल. पण तो आठवला होता. मी स्वतःशी म्हटलं की ही दोन वेगवेगळी कामं आहेत. ऑफिसात मी एकाच दिवशी एका कंत्राटदाराच्या बाजूने आणि दुसऱ्याच्या विरुद्ध लिहीत असे, आणि दोन्ही पत्रं चांगली होत.

हेही पत्र चांगलं झालं. पहिल्या तीन परिच्छेदांत मालकाच्या दूरदृष्टीबद्दल आभार होते. पुढच्या पाच परिच्छेदांत पार्किंग होतं. माणूस हा शब्द अख्ख्या पत्रात आला नाही. सगळीकडे वाहनं होती. जोडीला फोटो हवेत म्हणून मी शुक्रवारी दुपारी जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी बाल्कनीतून प्लॉटचे फोटो काढले. जवळच मशीद आहे. त्या पाऊण तासात रेतीवर गाडीला गाडी चिकटलेली असते, फुटपाथवर चढवलेल्या असतात. नमाज संपला की दहा मिनिटांत सगळं रिकामं. फोटोंखाली मी लिहिलं, 'परिसरातील पार्किंगची सद्यस्थिती.' वार लिहिला नाही. हे खोटं नव्हतं. त्या क्षणी स्थिती तशीच होती. अशा वाक्यांवर मी दोन मुलांची शिक्षणं केली आहेत.

आता सह्या. पत्र सगळ्यांना आवडलं, पण पहिली सही करायला कुणी तयार होईना. बँकवाले म्हणाले, "काकांचा मान." मी म्हणालो, मी तर मुलाच्या व्हिसावर, मी कोण? मुलगा म्हणाला, "बाबा, प्लीज, माझं नाव वर नको." शेवटी बँकवाल्यांनी पाचव्या ओळीवर सही केली आणि मॅडमनी सातव्या. घरोघरी कागद कोण फिरवणार, हा दुसरा प्रश्न. आमच्यापैकी कुणी फिरवला तर तो म्होरक्या ठरणार.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री फिल्टर साफ करायला आला. उन्हाळ्याआधी प्रत्येक घरात त्याचं हेच काम चालू होतं. चौसष्ट घरांत ज्याला कुणी दार उघडताना का म्हणून विचारत नाही असा बिल्डिंगमध्ये तो एकच माणूस होता. मी त्याच्या हातात कागद दिला.

"जाल तिथे सही घ्या फक्त."

"कसला कागद, साहेब?"

"पार्किंगचा."

"प्लॉटवर बिल्डिंग येतेय म्हणून?"

"हो. पार्किंगची काहीतरी सोय व्हावी म्हणून."

"बरोबर हाय," तो म्हणाला. "सोय पाहिजेच."

चार दिवसांनी त्याने कागद आणून दिला. पन्नासच्या वर सह्या झाल्या होत्या. मी वरून खाली नजर फिरवली आणि सगळ्यात वरच्या ओळीवर थांबलो. तिथे मराठीत, शाळकरी वळणाच्या अक्षरात, त्याचं नाव होतं. शेजारी मोबाइल नंबर.

"हे काय?"

"वरची जागा मोकळी राहिली होती. पेपर उघडा उघडा वाटत होता," तो म्हणाला. मग जरा लाजून म्हणाला, "आणि मीपण आता इथलाच होणार ना, साहेब. आज गाडी नाय, पण उद्या घेतली तर?"

सांगायची ती वेळ होती. मी टेबलाशी बसलो होतो, तो शिडी घडी करत होता, घरात तिसरं कुणी नव्हतं. फक्त त्याचं नाव काढायचं म्हटलं तरी नवा कागद करून पुन्हा सगळ्या सह्या घ्याव्या लागल्या असत्या, आणि का, ते त्याला सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "छान अक्षर आहे." संध्याकाळी बँकवाल्यांना पहिल्या नावाबद्दल विचारावंसं वाटलं का, हे मला माहीत नाही. त्यांनी कागद पाहिला, पहिली ओळ भरलेली आहे याचा त्यांना आनंद झाला आणि पाकीट बंद झालं.

मालकाच्या कंपनीने आम्हाला बोलावलं. बँकवाले, मॅडम आणि मी, असे आम्ही तिघे गेलो. एका तरुण स्थानिक मॅनेजरने आम्हाला कहवा आणि खजूर दिले, पत्र लक्षपूर्वक वाचलं, फोटो निरखून पाहिले आणि आमच्या फीडबॅकबद्दल आमचे आभार मानले. आम्हीही त्यांचे मानले. इतक्या सभ्यपणे काही मोडताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. दोन महिन्यांनी बोर्ड बदलला. आमच्या शेजारी आता हॉटेल अपार्टमेंट होणार होतं. कमी भाड्याची घरं कंपनीच्या दुसऱ्या, शहराबाहेरच्या प्लॉटवर नेली गेली. तिथे एक इमारत आधीच तयार होत आली होती, पण लहान, त्यामुळे घरंही निम्मी.

मिस्त्री खचला नाही. "लांब तर लांब. बस मिळेल," तो म्हणाला. ज्यांचे फॉर्म आधी आले होते त्यांना नव्या ठिकाणी प्राधान्य मिळणार होतं, आणि त्याचा फॉर्म तर पहिल्या आठवड्यातला. मुलीने शाळेचा दाखला काढला. वर्गाने तिला निरोप दिला, वहीवर सगळ्या मैत्रिणींनी सह्या केल्या. त्याचा व्हिडिओ त्याने मला मोबाइलवर दाखवला.

मग तो एका दुपारी आला आणि चहा नको म्हणाला.

"साहेब, ते म्हणतात माझा फॉर्म बाजूला ठेवलाय. मी म्हणे ऑब्जेक्शन घेतलंय. मी कशाला घेईन?"

मला लगेच कळलं. कंपनीने विरोध करणाऱ्यांची यादी केली होती आणि यादीत सगळ्यात वर तो होता. नाव तेच, मोबाइल तोच. एक ईमेल पुरला असता. 'सदर व्यक्ती रहिवासी नसून तिने आमच्या सांगण्यावरून सह्या गोळा केल्या. तिचा विरोध नाही.' माझ्यासारख्या माणसाला हे लिहायला तीन मिनिटं लागतात.

"कंप्युटरमध्ये काहीतरी गफलत झाली असेल," मी म्हणालो. "मी बघतो."

"तुम्ही बघितलंत म्हणजे झालं."

मी बँकवाल्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "काका, खलास झालेला विषय आहे. आता पुन्हा पत्र पाठवलं तर ते विचारतील बाकीच्या सह्या तरी खऱ्या कशावरून. आणि फोटोंचं काय सांगणार?" फोटो जुम्म्याच्या वेळचे आहेत हे त्यांना कसं कळलं होतं कुणास ठाऊक. मी ईमेल लिहिला नाही. दर गुरुवारी मिस्त्री विचारायचा, "काय कळलं?" आणि मी म्हणायचो, "फॉलोअप चालू आहे." फॉलोअप हा शब्द मी ऑफिसातून आणला होता, त्यात काहीही न करता कितीही दिवस काढता येतात. दीड महिन्याने सगळी घरं दिली गेल्याचं त्याला बाहेरून कळलं. तो मला सांगायला आला. वर म्हणाला, "तुम्ही तरी काय करणार, साहेब. तुम्ही लय खटपट केलीत." आणि त्या ईदला गावाहून आलेली नारळाची वडी त्याने मला डबा भरून दिली.

मुलीला जूनमध्ये त्याच शाळेत, त्याच मैत्रिणींमध्ये परत जाऊन बसावं लागलं. दाखला परत केला. ती वडिलांशी फोनवर बोलेनाशी झाली, हे तो मला मधून मधून सांगायचा. "म्हणते, तुम्हाला आणायचंच नव्हतं आम्हाला." एकदा म्हणाला, "पोर हाय. विसरेल." ती विसरली नाही. आठवी झाली, दहावी झाली, कॉलेजात गेली. त्याच्या पगाराच्या हिशोबात घर पुन्हा कधी बसलं नाही.

मला हे सगळं समजत नव्हतं असं नाही. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी मी इथे आलो तेव्हा अल ऐन शहरात आम्ही चौघे एका व्हिलात राहायचो. माझी बायको पुण्यात होती. शेजारच्या कुटुंबांनी तक्रार केली आणि आम्हाला आठवड्यात जागा सोडावी लागली. तक्रार काय होती ते कंपनीच्या माणसाने मोठ्या सौजन्याने सांगितलं होतं: आमच्या गाडीमुळे रस्ता अडतो. आम्हा चौघांत मिळून एक गाडी होती आणि तीही बहुतेक वेळा बंद असे.

बिल्डिंगचं काय झालं तेही नोंदवून ठेवतो. हॉटेल अपार्टमेंटसाठी दोन वर्षं खोदकाम चाललं. धुळीने आमच्या खिडक्या बंद, एसी चालू. ते झाल्यावर रस्त्यावर पेड पार्किंग आलं. आता विमानतळाच्या बसगाड्या पहाटेपासून खाली उभ्या असतात आणि वरच्या मजल्यांवर एकटे पुरुष राहतात, पण महागडे. त्यांच्याविरुद्ध ग्रुपवर मेसेज पडत नाही. बँकवाले कॅनडाला गेले.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्री कायमचा गावी परतायला निघाला. पन्नाशी झाली, गुडघे गेले, कंपनी शिडीवर चढवेना. जाण्यापूर्वी त्याने बायकोला एका महिन्याच्या व्हिजिट व्हिसावर आणलं, नवऱ्याने पंचवीस वर्षं कुठे काढली ते तिने एकदा बघावं म्हणून. एका शुक्रवारी तिला घेऊन तो आमच्याकडे आला. तिने फिकट निळी ओढणी डोक्यावरून घेतली होती आणि हातात सांदणांचा डबा होता. नवरा माझ्याशी बोलत होता तेवढ्यात ती सूनबाईंबरोबर बाल्कनीत गेली.

परत आल्यावर तिने विचारलं, "ती बाजूची उंच बिल्डिंग कुणाची?"

"तीच ती जागा," मिस्त्री म्हणाला. "इथेच आपलं व्हायचं होतं. नंतर लांब गेलं, आणि तिथे कंप्युटरची गफलत झाली. साहेबांनी किती पत्रं लिवली असतील तेव्हा. विचार त्यांना."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला खरंच विचारायचं होतं.

मी म्हणालो, "मी एकच पत्र लिहिलं. ते घरं होऊ नयेत म्हणून होतं."

पुढचं सगळं मी सांगितलं. शुक्रवारचे फोटो, सह्या, पहिली ओळ, न लिहिलेला ईमेल. सूनबाई ट्रे घेऊन उभ्याच राहिल्या. त्यांना पत्र माहीत होतं, बाकीचं नव्हतं. मिस्त्री माझ्याकडे न बघता डब्याच्या झाकणाकडे बघत होता.

पहिल्यांदा बोलली ती त्याची बायको, आणि माझ्याशी नाही, त्याच्याशी. "म्हणजे तुमी खरंच फॉर्म भरला होता?"

"सांगत तर होतो."

"मला वाटायचं, पोरीला गप करायला सांगताय." मग ती म्हणाली, "आणि सही? वाचल्याशिवाय केलीत?"

"साहेबांनी लिवलं होतं," तो म्हणाला. "त्यात वाचायचं काय?"

त्याने हे मला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. बायकोला तो आपली बाजू सांगत होता.

मी माफी मागितली. तिने ती ऐकून घेतली, पण घेतल्यासारखं काही म्हटलं नाही. ती म्हणाली, "माफीचं ऱ्हाऊ दे, साहेब. तुमी हे आमच्या पोरीला लिवून द्या. ती माझं मानत नाय, ह्यांचं तर नायच नाय. मराठी शाळेत शिकलीय, मराठीत लिवा."

दोन दिवसांत मी ते पत्र लिहिलं. सूनबाईंना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "बाबा, चूक झाली हे कळतंय. पण कुणी केली ते कुठेच येत नाहीये." बघितलं तर खरंच तसं होतं. 'सह्या घेण्यात आल्या.' 'पाठपुरावा होऊ शकला नाही.' मी ते फाडलं आणि दुसरं लिहिलं. ते अर्ध्या पानाचंच झालं. मिस्त्री ते घ्यायला एकटा आला, दारातूनच घेतलं. आत या म्हटलं, तर म्हणाला, "नको, सामान बांधायचंय." मग जाता जाता थांबला आणि म्हणाला, "हॉलच्या एसीचा गॅस कमी झालाय. नव्या माणसाला सांगा." इतक्या वर्षांत तो मला साहेब न म्हणता बोलला, असं तेव्हा प्रथमच झालं.

तीन आठवड्यांनी मोबाइलवर अनोळखी भारतीय नंबरावरून मेसेज आला.

'काका, तुमचं पत्र मिळालं. अब्बांशी बोलले. एकच विचारायचं आहे. फॉर्म बाजूला ठेवला म्हणून ते तुमच्याकडे आले तेव्हा अजून वेळ होता. तेव्हा तुम्ही त्यांना खरं का नाही सांगितलं?'

हे सगळं लिहायला घेतलं ते त्या प्रश्नामुळे. उत्तर म्हणून मी आधी मनाशी बरीच कारणं जमवली. मुलाच्या नोकरीची भीती होती. बिल्डिंगच्या लोकांना तोंड दाखवायचं होतं. फोटोंची लबाडी उघडी पडली असती. ही सगळी कारणं खरी आहेत आणि कुठल्याही चौकशीत टिकतील.

पण तिने चौकशी केली नव्हती, विचारलं होतं. खरं असं होतं की निवृत्तीनंतर माझ्याकडे कागद घेऊन येणारा तो एकच माणूस उरला होता. मुलगा आपले अर्ज स्वतः ऑनलाइन भरायचा. बिल्डिंगला माझी गरज एका पत्रापुरती होती. हा मात्र दर गुरुवारी बेल वाजवायचा, काखेत प्लास्टिकची फाइल असायची, आणि म्हणायचा, तुम्ही बघितलंत म्हणजे झालं. खरं सांगितलं असतं तर त्याला घर मिळालं असतं आणि पुढच्या गुरुवारी बेल वाजली नसती. मी दोन्हींचा विचार केला आणि बेल निवडली.

हे मी तिला असंच लिहून पाठवलं. मेसेजशेजारी दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. त्याला आता चार महिने झाले. उत्तर आलेलं नाही, आणि तिने ते द्यावं असं त्यात काही नव्हतंही.